आधी वेदी, मग मूर्ती

नवे चॅपेल बांधून होत आले की बांधकाम समितीपुढे एक प्रश्न हमखास येतो: आता आत काय ठेवायचे? भिंती कोऱ्या असतात, शिल्लक थोडी असते आणि देणगीदारांची यादी लांब असते. एका कुटुंबाला आईच्या स्मरणार्थ वेलंकनी मातेची मूर्ती द्यायची असते, दुसऱ्याला संत अंतोनीची, तिसऱ्याने बाळ येशूची मूर्ती आधीच आणून ठेवलेली असते. मग दुकानाचा कॅटलॉग टेबलावर येतो, उंची आणि किमती विचारल्या जातात आणि उद्‌घाटनापूर्वी एकही कोपरा मोकळा उरत नाही. हे सारे श्रद्धेनेच होते. तरी अशा चॅपेलात प्रार्थनेला बसलेल्या माणसाची नजर कुठेच ठरत नाही. प्रत्येक वेळी मूर्तीच वाईट असतात असे नाही; बहुधा क्रम चुकलेला असतो. इथे कोणती उपासना होणार, कोण कुठे बसणार आणि कोणत्या क्षणी नजर कुठे जायला हवी, हे ठरण्याआधीच वस्तू ठरून गेलेल्या असतात. धर्मकलेचा विचार उपासनेपासून सुरू झाला पाहिजे. वस्तू, शैली आणि कलाकाराचे नाव या गोष्टी त्यानंतरच्या, असे माझे म्हणणे आहे. ते तपासून पाहायला विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये उभी राहिलेली काही प्रार्थनास्थळे फार उपयोगी पडतात, कारण हाच प्रश्न तिथे मोठ्या कलाकारांच्या साक्षीने, वादविवादासह आणि उघडपणे हाताळला गेला.

आधी चर्चची स्वतःची अपेक्षा काय ते पाहू. प्रतिमा ठेवाव्यात की नाही, हा वाद इ.स. ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या परिषदेने मिटवला: प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेतून ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्याकडे जातो. प्रोटेस्टंट सुधारणेने तोच प्रश्न पुन्हा उकरून काढला, तेव्हा १५६३च्या डिसेंबरात ट्रेंट परिषदेने प्रतिमांचा वापर कायम ठेवला, पण अंधश्रद्धा आणि भडकपणा टाळायला बजावले. त्यानंतर बरोबर चारशे वर्षांनी, १९६३च्या डिसेंबरात, द्वितीय व्हॅटिकन परिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज आला. कोणतीही एक शैली चर्चने आपली म्हणून स्वीकारलेली नाही, उधळपट्टीच्या थाटापेक्षा उदात्त सौंदर्य शोधावे, प्रतिमा संख्येने बेताच्या असाव्यात आणि त्यांच्या मांडणीत योग्य क्रम दिसावा, असे त्यात सांगितले आहे. मिस्साविषयीच्या नियमावलीत हेच आणखी तपशिलाने येते. नव्या चर्चमध्ये एकच वेदी असावी, ती भिंतीपासून सुटी असावी, वेदीवर किंवा तिच्याजवळ येशूची आकृती असलेला क्रूस असावा, पवित्र प्रसादाची पेटी भक्कम, न हलणारी आणि अपारदर्शक असावी, आणि एकाच संताच्या एकाहून अधिक प्रतिमा सहसा नसाव्यात. हे नियम वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांना वस्तूंच्या संख्येपेक्षा त्यांच्या परस्परसंबंधाची काळजी अधिक आहे. वेदी केंद्रस्थानी असते आणि बाकी सगळ्याची जागा तिच्यावरून ठरते.

म्हणजे चॅपेलला खरोखर लागणाऱ्या गोष्टींची यादी आपण समजतो त्याहून बरीच आखूड आहे. वेदी, शास्त्रवाचनाचा मंच, क्रूस, प्रसादाची पेटी आणि तिच्याजवळ तेवता दिवा, ज्याच्या नावाने चॅपेल आहे त्या संताची किंवा पवित्र मरियेची एक प्रतिमा, आणि क्रुसाची वाट. क्रुसाच्या वाटेतही एक बारकावा आहे. तिची चौदा स्थाने १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांच्या काळात नक्की झाली. पण त्या भक्तीसाठी चित्रे अनिवार्य नाहीत. लागतात ते चौदा क्रूस. चित्रे किंवा उठावशिल्पे जोडण्याचा केवळ प्रघात आहे. ज्या समितीला चौदा चांगली चित्रे परवडत नाहीत, तिने चौदा वाईट चित्रे विकत घेण्याची गरज नाही. सुताराकडून नीट घडवून घेतलेले चौदा लाकडी क्रूस पुरेसे आहेत, आणि चित्रे पुढच्या पिढीने लावली तरी बिघडत नाही.

आता फ्रान्सकडे वळू. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सें-सुल्पिस चर्चच्या परिसरातल्या दुकानांतून प्लॅस्टरच्या रंगीत मूर्ती जगभर जाऊ लागल्या. साच्यातून काढलेले गुळगुळीत चेहरे, फिकट गुलाबी गाल, आकाशी अंगरखे. त्या स्वस्त होत्या, सहज मिळत होत्या आणि कोणालाच खटकत नव्हत्या. ‘सें-सुल्पिस’ हे पुढे अशा गोडगोड धर्मकलेचेच नाव होऊन बसले. मारी-आलॅं कुत्युरिए या डॉमिनिकन धर्मगुरूने याविरुद्ध ‘लार साक्रे’ या मासिकातून मोहीम चालवली. ते स्वतः चित्रकार होते. श्रद्धा आहे पण हात नाही अशांकडून काम करून घेण्यापेक्षा श्रद्धा नसलेल्या प्रतिभावंतांना बोलवावे, अशी त्यांची भूमिका होती. आल्प्समध्ये मॉं ब्लांसमोरच्या आसी पठारावर क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम होती. तिथले धर्मगुरू दव्हेमी यांनी रुग्णांसाठी चर्च बांधायला घेतले तेव्हा कुत्युरिए यांना संधी मिळाली. वास्तुविशारद मोरिस नोव्हारिना यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या या चर्चचे पवित्रीकरण १९५० मध्ये झाले. दर्शनी भिंतीवर फेर्नां लेजे यांचे मोझाइक, वेदीमागे जां ल्युर्सा यांचा भव्य विणलेला पडदा, रूओ आणि बाझेन यांच्या रंगीत काचा, बोनार आणि मातीस यांच्या हातचे संत, ब्राक यांनी घडवलेले प्रसादपेटीचे दार, झाक लिपशित्झ यांची पवित्र मरिया आणि काही वर्षांनी बाप्तिस्म्याच्या दालनात शागाल. विसाव्या शतकातल्या कलेचा इतका ऐवज दुसऱ्या कुठल्या गावच्या चर्चमध्ये क्वचितच सापडेल.

तरीही आसीच्या चर्चविषयी एक आक्षेप पहिल्यापासून आहे आणि तो खरा आहे: ते संग्रहालयासारखे वाटते. प्रत्येक कलाकाराने आपापले काम उत्तम केले, पण शेजारच्या कामाशी त्याचे नाते जुळवायला कोणी बसले नाही. लेजेचा ठसठशीत रंग आणि बोनारचा मऊ रंग एकमेकांना ओळखही देत नाहीत. मोठी नावे गोळा केली की मोठे प्रार्थनास्थळ होते, या समजुतीला आसीच उत्तर देते. परंतु त्याच चर्चमधील एक कृती नेमकी उलट गोष्ट शिकवते. वेदीसाठी जेर्मेन रिशिए यांनी ब्रॉंझचा क्रूस घडवला. त्यावरील येशूचे शरीर झिजलेल्या लाकडासारखे आहे. हात क्रुसाच्या आडव्या दांड्यातच मिसळून गेले आहेत, चेहरा जवळजवळ नाही. बाहेरच्या परंपरावादी गटांनी गदारोळ केला आणि १९५१ मध्ये बिशपच्या आदेशाने तो वेदीवरून हटवला गेला. पुढच्याच वर्षी रोममधून धर्मकलेविषयी कडक सूचना निघाल्या. क्रुसाचे समर्थन करणाऱ्यांनी यशयाच्या ५३व्या अध्यायातील दुःखी सेवकाकडे बोट दाखवले: तिथेही रूप नाही, शोभा नाही, लोक तोंड फिरवतात. महत्त्वाचे हे की ज्या रुग्णांसाठी तो केला होता त्यांनी तो आपला मानला होता. विरोधाचा मोठा आवाज तिथे रोज प्रार्थना न करणाऱ्यांचा होता. सुमारे दोन दशकांनी तो क्रूस वेदीवर परत आला.

रिशिएंचा क्रूस रुग्णांना का भिडला हे समजायला आणखी मागे जाता येते. ग्र्युनेवाल्ड यांनी १५१२ ते १५१६ दरम्यान रंगवलेला इझेनहाइमचा वेदीपट आज कोलमारच्या संग्रहालयात आहे. त्यातल्या क्रुसावरील येशूच्या अंगावर फोड आहेत, कातडी हिरवट पडली आहे, बोटे वेदनेने वाकडी झाली आहेत. केवळ कलेचा नमुना म्हणून पाहिले तर ते भयंकर वाटते. पण तो वेदीपट अंतोनी संप्रदायाच्या मठासाठी होता आणि त्या मठात बुरशी लागलेल्या राय धान्यामुळे होणाऱ्या भीषण रोगाचे रुग्ण सांभाळले जात. हातपाय जळल्यासारखे होत, सडत, कापावे लागत. त्या रुग्णांना चित्रातला देह आपल्यासारखा दिसत होता. सोळाव्या शतकातले ते चित्र आणि विसाव्या शतकातला तो क्रूस, शैलीच्या दृष्टीने दोन टोके. दोघांत समान आहे ते एवढेच की कोण पाहणार आहे हे ठरवून ती कामे झाली. म्हणून ‘आधुनिक की पारंपरिक’ हा वाद मला दुय्यम वाटतो. पाहणारा कोण, तो कोणत्या अवस्थेत तिथे येतो आणि ती कृती त्याच्या प्रार्थनेत काय काम करते, हे आधी विचारायला हवे.

हे सारे एका सूत्रात बांधलेले पाहायचे तर व्हांसचे रोझरी चॅपेल पाहावे. आंरी मातीस १९४१च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आजारी असताना त्यांची शुश्रूषा करणारी तरुणी पुढे डॉमिनिकन धर्मभगिनी झाली. सिस्टर झाक-मारी हे तिचे नाव. व्हांसमधल्या सिस्टरांना चॅपेल हवे होते. १९४७च्या अखेरीस तरुण धर्मबंधू रेसिगिए मातीसना भेटले आणि काम सुरू झाले. पायाचा दगड १९४९च्या डिसेंबरात बसला, पवित्रीकरण २५ जून १९५१ रोजी झाले. एका लहानशा चॅपेलसाठी जगातल्या अग्रगण्य चित्रकाराने चार वर्षे दिली आणि शेवटी, उणिवा मान्य करूनही, हीच आपली श्रेष्ठ कृती असे बिशपना कळवले. पण नावाची थोरवी बाजूला ठेवून नुसती मांडणी पाहिली तरी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सिस्टरांची बसण्याची जागा आणि लोकांची जागा एकमेकींशी काटकोनात आहेत. म्हणून वेदी तिरपी ठेवली. धर्मगुरू एकाच वेळी दोन्ही बाजूंच्या लोकांकडे तोंड करून उभा राहतो. वेदीचा दगड पावासारख्या तपकिरी रंगाचा, खरबरीत. एका बाजूला निळा, हिरवा, पिवळा अशा तीनच रंगांच्या काचा, समोर पांढऱ्या चकचकीत फरशांवर काळ्या रेषांची चित्रे. काचेतून उतरलेला रंग त्या पांढऱ्या फरशांवर पसरतो; भिंतीवर रंग न लावताच ती रंगीत होते, आणि तो रंग उन्हाबरोबर सरकत राहतो. वेदीवरचा क्रूस, मेणबत्त्यांच्या बैठका, धर्मगुरूंचे वेगवेगळ्या पर्वांसाठीचे रंगीत झगे, सगळे एकाच विचारातून आले. पांढऱ्या-काळ्या भिंतींपुढे मिस्साच्या वेळी हलणारा रंग म्हणजे तो झगा. उपासना सुरू झाल्याशिवाय हे चित्र पूर्ण होतच नाही.

व्हांस निर्दोष आहे असे मात्र नाही. मातीस यांनी क्रुसाच्या वाटेची चौदाही स्थाने एकाच भिंतीवर, खालून वर चढत जाणाऱ्या एका खडबडीत, अस्वस्थ रेखाचित्रात बसवली आहेत. एका स्थानाकडून दुसऱ्याकडे चालत जाणे हा त्या भक्तीचा गाभा. तिथे ते पायांऐवजी डोळ्यांनी करावे लागते. मोठ्या पॅरिशमध्ये हे चालणार नाही. थोड्या सिस्टरांच्या लहान चॅपेलात ते चालून जाते, आणि तेही माझ्या युक्तिवादाला धरूनच आहे: एका जागी योग्य ठरलेली रचना दुसरीकडे उचलून नेता येत नाही. व्हांसच्या काचांची नक्कल करणारे चॅपेल प्लॅस्टरच्या मूर्तींनी भरलेल्या चॅपेलाइतकेच उसने असेल. आणखी एक धडा कारागिरीचा. तिथल्या खिडक्यांचा एक आधीचा आराखडा मातीसना बाजूला ठेवावा लागला, कारण काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांचा हिशेब त्यात धरलेला नव्हता. इतक्या मोठ्या चित्रकारालाही काच बनवणाऱ्याचे ऐकावे लागले. आपल्याकडे चित्रकार, सुतार, गवंडी आणि धर्मगुरू पहिल्या दिवसापासून एकत्र बसत नाहीत. बांधकाम उरकल्यावर चित्रकाराला ‘ही भिंत भरा’ म्हणून बोलावले जाते. निम्मा बिघाड तिथेच होतो.

यावर पहिला आक्षेप कलाकाराच्या श्रद्धेचा. लेजे आणि ल्युर्सा कम्युनिस्ट होते, लिपशित्झ ज्यू; अशांनी वेदीजवळचे काम करावे का? हा प्रश्न गोव्याला चारशे वर्षांपूर्वीच पडला होता. तिथल्या चर्चमधील सोन्याचा मुलामा दिलेल्या कोरीव वेदीभिंती, लाकडी संत आणि हस्तिदंती मूर्ती घडवणाऱ्यांत हिंदू कारागीर मोठ्या संख्येने होते. सोळाव्या शतकातल्या धर्मपरिषदांनी त्यांना असे काम देण्यावर बंदी घातली, तरी काम त्यांच्याच हातून होत राहिले, कारण तो हात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. त्यांनी कोरलेल्या मूर्तींपुढे गोव्याचा ख्रिस्ती माणूस पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकत आला आहे. शिल्पकार काय मानत होता हे त्याला ठाऊक नसते आणि ते प्रार्थनेच्या आड येत नाही. मात्र आक्षेपात तथ्याचा एक अंश आहे. श्रद्धा नसेल तर चालेल. ऐकण्याची तयारी नसेल तर चालणार नाही. क्रूस कशासाठी, कुठे आणि कोणासाठी आहे हे समजून घ्यायला जो कलाकार वेळ देत नाही, त्याचे काम स्वतःकडेच लक्ष वेधून घेते. उलट रूओ निष्ठावान कॅथलिक होते, काचकामाच्या कारखान्यात लहानपणी उमेदवारी केलेले होते, आणि तरीही चर्चच्या काचा करण्याची संधी त्यांच्याकडे उतारवयात आली. ती इतकी उशिरा आली याचा दोष काम देणाऱ्यांच्या डोळ्यांना.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकांना ओळखीच्या मूर्ती हव्या असतात. आजीने जिच्यापुढे मेणबत्ती लावली तशीच निळ्या झग्यातली माता नातवाला हवी असते. त्या ओळखीतच भक्ती असते आणि कलेच्या जाणकारांनी ती हिसकावून घेऊ नये. हे मला मान्य आहे, आणि रोंशांचे चॅपेलही तेच सांगते. ल कोर्बुझिए यांनी १९५५ मध्ये पूर्ण केलेली ही वास्तू आधुनिक स्थापत्यात क्रांतिकारक मानली जाते; पण तिच्या वेदीमागच्या भिंतीत जुन्या चॅपेलमधली मरियेची लाकडी मूर्ती आहे. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या वास्तूतून ती वाचली होती. भिंतीतल्या काचेच्या कोनाड्यात ती अशी बसवली आहे की यात्रेच्या दिवशी बाहेर मिस्सा असेल तेव्हा तिचे तोंड बाहेरच्या मैदानाकडे फिरवता येते. म्हणजे लोकांची ओळखीची मूर्ती राहिली, एकच राहिली आणि तिला उपासनेत नेमके काम मिळाले. ओळख जपण्याचा हा मार्ग कॅटलॉगमधून तिची तिसरी प्रत मागवण्यापेक्षा अधिक आदराचा आहे. शिवाय आपण जिला ओळखीची म्हणतो ती मूर्ती बऱ्याचदा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची परदेशी आयात असते. गोव्याच्या सांतो इस्तेव्हांवमध्ये १९०२ साली जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. साडी नेसलेली, सावळी मरिया त्यांनी रंगवली तेव्हा गोव्यात टीका झाली. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाने त्यांना आसरा दिला आणि १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत पुणे ही त्यांची कर्मभूमी राहिली. आज त्यांच्या चित्रांकडे भारतीय ख्रिस्ती कलेचा मोलाचा ठेवा म्हणून पाहिले जाते. ओळख घडायला वेळ लागतो, आणि तो वेळ देण्याचे काम धर्मगुरूंच्या प्रवचनाने व शिकवणुकीने करायचे असते. लोकांपुढे अनोळखी कृती ठेवायची आणि समजावून सांगायचे मात्र नाही, हा उद्धटपणा आसीच्या वादातही थोडाफार होताच.

तिसरा आक्षेप पैशांचा. मातीस कुठून आणायचा? पण माझ्या म्हणण्याचा खरा फायदा गरीब चॅपेललाच आहे. दहा मूर्तींचा खर्च एका चांगल्या क्रुसात आणि दगडी वेदीत घातला तर तितक्याच रकमेत पन्नास वर्षे टिकणारे काम होते. वसई, गोवा, कोकण इथे दगड घडवणारे आणि लाकूड कोरणारे अजून आहेत. त्यांना साच्यातल्या मूर्तीची नक्कल करायला सांगण्याऐवजी प्रयोजन सांगून काम द्यायला हवे. चुन्याची पांढरी भिंत आणि नीट ठिकाणी ठेवलेली खिडकी यांना फारसा खर्च येत नाही. ‘रिकामे दिसते’ ही तक्रार येणारच. पण कॅथलिक परंपरा भरगच्चपणाशी बांधलेली नाही; भरगच्च बरोक वेदीभिंत आणि सिस्टर्शियन मठातली उघडी दगडी भिंत दोन्ही तिचीच अपत्ये आहेत. भरलेली भिंत रिकामी करणे फार अवघड, कारण प्रत्येक मूर्तीमागे एका कुटुंबाचे नाव असते.

म्हणून समितीने पहिली मूर्ती स्वीकारण्याआधी एक साधा कागद तयार करावा. चॅपेलमध्ये कोणकोणत्या उपासना होतील, लोक कुठे बसतील, सकाळचे ऊन कुठून येईल, वेदीवरून नजर कुठे जाईल, कोणत्या प्रतिमा लागतील आणि त्या कोणत्या क्रमाने, किती वर्षांत घेतल्या जातील, हे त्यात असावे. बिशपांच्या उपासना समितीचा सल्ला त्याच टप्प्यावर घ्यावा. देणगीदाराला मग ‘नको’ म्हणावे लागत नाही. यादीतली वेदी, दिवा, मंच किंवा क्रूस यांपैकी काय द्याल, असे विचारता येते, आणि आईच्या स्मरणार्थ दिलेला वाचनमंच हा कोपऱ्यातल्या सातव्या मूर्तीपेक्षा रोज अधिक वापरला जातो. या पद्धतीने महान कला निर्माण होईलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. पण ज्या चॅपेलात प्रत्येक वस्तूला काम आहे, तिथे मध्यम प्रतीचे कामही प्रार्थनेला हात देते; आणि एखादा फोन्सेका किंवा रिशिए पुढे आलाच, तर त्याच्यासाठी जागा शिल्लक असते.